आपला बंड्या १८ मेला

ताई : मेला म्हणजे मेला. त्याचा दुसरा काय अर्थ होतो, तूच सांग.

धाकटा : अगं ताई, 'मे' हा महिना आहे. त्याला 'ला' लावला. जूनला, जुलैला, तसं मेला. व्याकरणात अगदी चपखल बसतं ते.

ताई : व्याकरणात बसतं आणि लोकांच्या काळजात घुसतं. सकाळपासून फोन खाली ठेवायला उसंत नाही मला. जनावरांचा दवाखाना आहे माझा, राजा. इथे तो शब्द मी कुजबुजूनसुद्धा उच्चारत नाही. आणि तुझ्या त्या दीडशहाण्या प्रोग्रामने आज सकाळी आठच्या ठोक्याला, उद्या ज्यांना ज्यांना बोलावलंय त्या सगळ्यांना कळवून टाकलं. वाच. मोठ्याने वाच.

धाकटा : मला माहितेय काय आहे ते. मीच लिहिलंय.

ताई : म्हणूनच वाच.

धाकटा : 'आपला वाघ्या १८ मेला. १० वाजता आणावा.'

ताई : पुढचा.

धाकटा : 'आपला मिठू १८ मेला. ११ वाजता आणावा.'

ताई : त्या मिठूच्या मालकिणीचा पहिला फोन. म्हणाली, डॉक्टर, पोपट माझ्या डोक्यावर बसून केस ओढतोय आणि तुम्ही म्हणता मेला. मी म्हटलं, अहो, तसं नाही ते. तर म्हणते कशी, थांबा, आज तर सतरा तारीख आहे. म्हणजे उद्या मरणार का? मग उद्या कशाला, आजच आणते की! हसतोस काय?

धाकटा : हसत नाही गं. नुसते दात दिसतायत.

ताई : आत घाल ते. पैलवानाच्या मालकाचं ऐक.

धाकटा : पैलवान कोण?

ताई : कासव. दर महिन्याला त्याची नखं कापायला आणतात. ते गृहस्थ म्हणाले, बाई, दीडशे वर्षं टिकेल म्हणून घेतला होता, दोन वर्षांत मेला कसा? कपाटाखालून बाहेर ओढून त्याला उलटासुलटा करून बघितला म्हणे. आता तो रुसलाय, डोकं बाहेर काढत नाही. म्हणजे त्यांना अजून खात्री नाही.

धाकटा : पण ताई, सगळ्यांचेच फोन नाही ना आले? चिंगीवाल्यांचा आला? राणीवाल्यांचा?

ताई : नाही आला.

धाकटा : बघ! कारण 'आपली चिंगी मेला' असं कुणी वाचत नाही. त्यांना बरोबर कळलं, तारीख आहे. माद्या सगळ्या सुखरूप आहेत.

ताई : हो ना. मेले ते फक्त नर. केवढा आधार वाटला मला! आधी माझा मजकूर चांगला नांदत होता, त्यात तुला काय खुपलं?

धाकटा : लांब होता.

ताई : काय लांब होतं? 'नमस्कार. आपल्या वाघ्याला उद्या, १८ मे रोजी, सकाळी दहा वाजता लस द्यायची आहे. कृपया घेऊन यावे. काळजी नसावी.' एवढंच तर होतं.

धाकटा : मराठी मेसेजला सत्तर अक्षरांची मर्यादा असते, ताई. त्यापुढे गेलं की दोन मेसेज धरतात. तुझं 'काळजी नसावी' दर वेळी दुसऱ्या मेसेजात जात होतं. म्हणून मी काळजी काढून टाकली.

ताई : काळजी काढलीस आणि मरण घातलंस.

धाकटा : नवा मजकूर कालच लावला, पण मार्च-एप्रिलच्या तारखा घालून तपासलं होतं मी. 'मार्चला' झकास गेलं. 'एप्रिलला' झकास गेलं. आता मार्चला म्हटलं म्हणून कुणी गळा काढत नाही. वर्षाचे अकरा महिने हा प्रोग्राम नुसता पाण्यासारखा वाहतो.

ताई : आणि बाराव्या महिन्यात सगळ्यांना बुडवतो. ऑफिसातही असंच करतोस का?

धाकटा : ऑफिसात माझी एकेक ओळ आठ जण तपासतात.

ताई : मग?

धाकटा : आठही जण न वाचता 'छान' म्हणतात. मीही त्यांच्या ओळींना तेच म्हणतो. घरोबा टिकतो. इथे निदान मी एकटा होतो, म्हणजे चूक करायला दुसऱ्या कुणाची मदत लागली नाही.

ताई : जिभेला हाड नाही तुझ्या. ऐक, आज चार वाजता तो माणूस येणार आहे.

धाकटा : कुठला माणूस?

ताई : दवाखान्यांसाठी तयार प्रोग्राम विकतो तो. मी सही करणार आहे.

धाकटा : ताई!

ताई : ताई नाही नि बाई नाही. ठरलंय माझं.

धाकटा : अगं, विकतच्या प्रोग्रामात काय असतं माहितेय का? शंभर बटणं असतात आणि आपल्याला लागणारं एकशे एकावं. काही अडलं तर फोन करायचा, मग गाणं ऐकत बसायचं. इथे अडलं तर तू मला हाक मारतेस, मी धावत येतो.

ताई : तू धावत येतोस, आणि येताना हातात एक नवीन वस्तू घेऊन येतोस. तिथेच तर सगळं घोडं पेंड खातंय. तो बोलणारा वजनकाटा कुणी आणला?

धाकटा : त्या काट्याला चार तारे होते गं. हजारो लोकांनी वाखाणला होता.

ताई : त्या हजारांत एकही जनावरांचा डॉक्टर नव्हता. पोटात जंत झालेला, हाडं दिसणारा कुत्रा उभा केला मी त्यावर. तर काटा खणखणीत आवाजात म्हणाला, 'अभिनंदन! तुम्ही दोन किलो घटवलेत.' त्या मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काट्याची वायर शोधतेय.

धाकटा : भाषा बदलता येत होती त्याची.

ताई : आणि ती आपोआप झाडणारी चकती? पिल्लाने कोपऱ्यात घाण केली, तर तुझ्या चकतीने ती गोळा नाही केली बाबा, दाराच्या उंबऱ्यापासून माझ्या टेबलापर्यंत सारवून काढली. वर आणि गोल गोल नक्षी.

धाकटा : ते मान्य. ती चकती मीच घरी घेऊन गेलो ना परत? आता ती पलंगाखाली राहते. मी तिला शोधत नाही, ती मला शोधत नाही.

ताई : तुला वस्तू विकत घ्यायच्या असतात रे. माणसाला काय हवंय ते विचारायचं नसतं.

धाकटा : खरं आहे. पण हा प्रोग्राम विकत घेतलेला नाही, ताई. लिहिलाय मी. चांगली नोकरी करतो, दहा वर्षांत दहा प्रकल्पांवर बसलो, त्यातले सहा बंद पडले, तीन कधी सुरूच झाले नाहीत आणि एकाचं नाव मला आठवत नाही. माझ्या हातचं, रोज कुणीतरी खरोखर वापरतंय असं एवढंच एक आहे जगात. तू सकाळी दिवा लावतेस, तो चालू करतेस, कुठल्या तरी मांजरीचं नाव लिहितेस. मला तिकडे बसल्या बसल्या बरं वाटतं. तेवढं काढून घेऊ नकोस.

ताई : असं तोंड करू नकोस माझ्यापुढे. लहानपणापासून हेच करत आलास.

धाकटा : आणि सकाळची चूक मी निस्तरली पण आहे. येताना वाटेतच मोबाइलवरून दुरुस्तीचा मेसेज टाकला सगळ्यांना.

ताई : काय टाकलंस?

धाकटा : अगदी साधा. मर्यादेत बसणारा.

ताई : शब्द सांग.

धाकटा : 'आधीचा मेसेज चुकीचा. आपला वाघ्या १८ मेला नाही.'

ताई : पुन्हा म्हण.

धाकटा : 'आपला वाघ्या १८ मेला... नाही.' अरे देवा.

ताई : तरीच! तरीच मघाशी वाघ्यावाले म्हणाले, बरं झालं कळवलंत, उद्याची लस रद्द ना, आम्ही गावाला जातो. मला वाटलं, धक्क्याने भ्रमिष्ट झाले बिचारे. म्हणजे ज्यांना आधीचं बरोबर कळलं होतं त्यांनाही तू कामाला लावलंस. उद्याचा अख्खा दवाखाना रिकामा केलास माझा!

धाकटा : एक गाढव शोधायला गेलो आणि दोन घेऊन आलो.

ताई : शोधायला कशाला जायला हवं होतं? आरसा होता की घरी. बरं, ते सगळं सोड. त्यात हसण्यासारखं तरी आहे. लोकांची जनावरं त्यांच्या समोर होती. वाचलं, घाबरले, मान वळवून बघितलं, पोपट केस ओढतोय. संपलं. पण एक जण असा आहे, ज्याचं जनावर त्याच्या समोर नाही.

धाकटा : कोण?

ताई : आठव.

धाकटा : आपल्याकडे आत राहिलेलं फक्त... ताई. बंड्या.

ताई : बंड्या.

धाकटा : त्याच्या मालकांना, तारमास्तरांना पण गेला मेसेज?

ताई : गेला. सगळ्यात भारी तोच आहे. माझ्या मोबाइलवर त्याची नक्कल येते, हा बघ. 'आपला बंड्या १८ मेला. १० नंतर न्यावा.'

धाकटा : न्यावा.

ताई : हो. न्यावा. पोटाचं ऑपरेशन झालेला कुत्रा आत झोपलाय, टाके कोरडे पडलेत, सकाळी चमचाभर पाणी प्यायला. मी काल संध्याकाळी मास्तरांना म्हटलं, निवांत घरी जा, सकाळी मी स्वतः फोन करून कसा आहे ते सांगते. आणि माझ्या फोनच्या आधी तुझा प्रोग्राम उठला.

धाकटा : मग तू फोन कर ना त्यांना! अजून केला नाहीस?

ताई : सकाळपासून करतेय. वाजतच नाही. पहिल्यांदा वाटलं बंद असेल. मग मला आठवलं, त्यांचा तो नवीन फोन तूच घेऊन दिलास ना?

धाकटा : मीच. जुन्याची बटणं झिजली होती. अक्षरं मोठी करून दिली, कर्जवाल्यांचे फोन यायचे म्हणून अनोळखी नंबर... ताई, मी अनोळखी नंबर वाजूच नये असं करून ठेवलंय.

ताई : आणि माझा नंबर?

धाकटा : तुझा त्यांच्याकडे आहे की.

ताई : जुना आहे. मागच्या महिन्यात तूच दवाखान्याचा फोन इंटरनेटवर नेलास. स्वस्त पडतो म्हणालास. नंबर बदलला.

धाकटा : आणि मेसेज?

ताई : मेसेज तुझे कोण अडवणार? ते बरोबर जातात.

धाकटा : म्हणजे वाईट बातमी आत जाईल आणि चांगली बातमी दारातच अडेल, अशी सोय मी केली. ठरवून करायला गेलो असतो तर जमलं नसतं गं. थांब, माझ्या फोनवरून लावतो. वाजतोय, पण उचलत नाहीत.

ताई : अजून राहिलं. त्या कुत्र्याच्या पोटातून काय निघालं?

धाकटा : नको ना.

ताई : म्हण.

धाकटा : कानात घालायचं ते. बिनवायरचं. मास्तरांना टीव्ही नीट ऐकू येत नव्हता, म्हणून मी दिलं होतं.

ताई : डबीत दोन होती, एक बंड्याने गिळलं. आणि तू मला फोनवर काय म्हणालास? लेकाचं पोटातूनही फोनला जोडलेलं दाखवतंय!

धाकटा : कंपनीला कळवायला हवं असं पण म्हणालो. माझ्या तोंडात मारायला हवी होतीस. ताई, मी निघताना त्यांच्या दारावरून आलो. आमच्या खालच्याच मजल्यावर तर राहतात. कुलूप होतं.

ताई : कुलूप? मघाशी का नाही बोललास?

धाकटा : मला वाटलं फिरायला गेले असतील. मग आठवलं, ते बंड्याशिवाय फिरायला जात नाहीत.

ताई : काउंटरवरच्या बाईंना मी स्कूटरवरून बघायला पाठवलंय. तासभर झाला, त्यांचाही पत्ता नाही. मला भीती वाटते रे. एकटा माणूस. बायको गेली तेव्हा महिनाभर तोंडातून शब्द नव्हता त्यांच्या, तू सांगितलं होतंस मला. मग जिन्यात हे पिल्लू सापडलं आणि पहिला शब्द बोलले तो त्याच्याशी.

धाकटा : 'काय बंडोपंत' म्हणाले. मी जिन्यात उभा होतो. आवाज बसलेला होता अगदी. मला तेव्हा रडू आलं होतं, आणि आज मी त्यांना हा मेसेज पाठवला. ताई, मी शोधायला जातो. तू त्या चारच्या माणसाशी सही कर, हा प्रोग्राम पुसून टाक, मला काही म्हणायचं नाही. फक्त मास्तर नीट असू देत.

ताई : थांब. काचेतून बघ. दाराशी कोण आहे?

(दार हळूच उघडतं. तारमास्तर आत येतात. हातात घडी घातलेली जुनी चादर.)

धाकटा : मास्तर! अहो, कुठे होतात तुम्ही?

तारमास्तर : होतो इथेच. समोरच्या बाकावर.

ताई : समोर? कधीपासून?

तारमास्तर : दहा नंतर न्यावा असं लिहिलं होतं. साडेनवालाच आलो. मग वाटलं, आत गेलो की ते खरं होणार. बाहेर बसलो की थोडं तरी लांबतं. दोनदा उठलो, दोनदा बसलो. एकदा घरी जाऊन आलो, चादर विसरलो होतो म्हणून. ही त्याची आवडती आहे. एका कोपऱ्याला चावलेली आहे, पण धुतलेली आहे, डॉक्टरीणबाई.

ताई : मास्तर, आधी बसा तुम्ही. पाणी घ्या. घाईघाईने काही सांगायचं नाहीये, पण ऐका...

तारमास्तर : काही बोलू नका. तुम्ही खूप केलंत. काल रात्री उशिरापर्यंत थांबलात त्याच्यासाठी. तुमचा दोष नाही यात.

धाकटा : दोष माझा आहे, मास्तर.

तारमास्तर : त्या कानातल्या बोंडाचं म्हणतोस? नाही रे. मीच उशीखाली ठेवलं होतं. तू प्रेमाने दिलंस.

धाकटा : ते नाही. म्हणजे ते पण. पण हा मेसेज...

तारमास्तर : मेसेज बरोबर होता. मी आयुष्यभर तारा पाठवल्या रे बाळ. शब्दाला पैसे पडायचे, म्हणून माणसं सगळं गाळायची. नमस्कार गाळायची, माया गाळायची. उरायचं काय, तर नाव आणि काय झालं ते. तसाच आला सकाळी. नाव, एक आकडा, आणि मेला. मला दुसऱ्यांदा वाचावाच लागला नाही. फक्त तो आकडा कळला नाही. वाटलं पिंजऱ्याचा नंबर असेल.

ताई : अहो, ती तारीख आहे! मास्तर, माझ्याकडे बघा. दुसरा मेसेज नाही वाचलात का तुम्ही?

तारमास्तर : आला खरा. उघडला नाही. दुसरी तार यायची ती प्रेत कधी उचलणार याची. ती मी नेहमी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावायचो. हा घे फोन, तूच वाच. तू लावून दिलेला आहे, तुला येतं.

धाकटा : मी वाचू?

तारमास्तर : वाच.

धाकटा : 'आधीचा मेसेज चुकीचा. आपला बंड्या... अठरा मेला नाही.'

तारमास्तर : अठराला नाही?

धाकटा : नाही, म्हणजे...

तारमास्तर : मग काल रात्रीच गेला का?

ताई : अरे, दे तो फोन इकडे! मास्तर, जिवंत आहे तो! बंड्या जिवंत आहे! आत झोपलाय, औषधाच्या गुंगीत आहे, सकाळी पाणी प्यायलाय, टाके उत्तम आहेत. मे महिना हो, मे महिना! अठरा मे! उद्या घरी न्यायचा आहे त्याला, जिवंत, चार पायांवर!

(तारमास्तर चादर टेबलावर ठेवतात आणि खुर्ची चाचपत खाली बसतात.)

ताई : मास्तर? अरे, त्यांना धर.

तारमास्तर : धरू नका. मी बसलोय.

धाकटा : मास्तर, माझं चुकलं. आठ-दहा अक्षरं वाचवायला गेलो. मला शिव्या घाला हवं तर. मोठ्याने घाला.

ताई : टेबलावर बोटं काय वाजवताय, मास्तर?

तारमास्तर : सवय आहे. जीव घाबरा झाला की बोटं आपोआप चालतात, यंत्रावर चालायची तशी. बंड्याला पण हीच खूण आहे. त्याच्या वाटीवर असंच वाजवतो मी जेवायच्या वेळी.

धाकटा : ऐका! ताई, ऐकलंस?

ताई : उठला. तुमचं टकटक ऐकून उठला बघा. आणि मी त्याला भुंकायचं नाही म्हणून बजावलं होतं, टाके ताणतात. गप रे बंड्या! बस, बस!

तारमास्तर : भुंकू दे त्याला, डॉक्टरीणबाई. एकदाच. मग मी सांगतो त्याला गप बसायला. माझं ऐकतो तो.

ताई : पाणी प्या आधी. मग नेते आत.

तारमास्तर : सकाळी मेसेज वाचला आणि दार उघडलं, तर हळू उघडलं रे मी. तो दारामागे झोपतो ना, लागायला नको म्हणून. अर्धं उघडलं आणि मग कळलं, आता पूर्ण उघडलं तरी चालतं. आणि आता एवढा आनंद झालाय, छातीत मावत नाही.

धाकटा : मास्तर, तुम्ही मला शिव्या दिल्याच नाहीत अजून.

तारमास्तर : गाढव आहेस.

धाकटा : हो.

तारमास्तर : एक नंबरचा.

धाकटा : हो. सकाळपासून हे दुसऱ्यांदा सिद्ध झालंय. त्या फोनमधलं ते अनोळखी नंबरांचं मी आत्ता काढून टाकतो.

तारमास्तर : ते राहू दे. कर्जवाले बंद झाले ते बरंच झालं. बाईंचा नवा नंबर तेवढा घाल त्यात. आणि कानातलं ते दुसरं बोंड घेऊन जा परत. बंड्याला त्याच्या जोडीदाराची चव लागलीय.

ताई : हसायला लागले! बरं झालं बाई.

धाकटा : ताई, चार वाजता तो माणूस आला की कर सही. मी मनापासून सांगतोय. फक्त एकच विचार त्याला.

ताई : काय?

धाकटा : मे महिन्यात तुमच्याकडे काय होतं.

ताई : विचारते. आणि सही करणारच आहे मी, तू कितीही गोड बोललास तरी. बाकी सगळं त्याचं चालेल. लोकांना काय कळवायचं ते मात्र मीच लिहिणार, आणि पाठवण्याआधी तू मला मोठ्याने वाचून दाखवायचंस. बारा महिने.

धाकटा : म्हणजे मला नोकरीवरून काढलं नाहीस?

ताई : हुद्दा उतरवला. चल, काउंटरवरच्या बाईंना परत बोलाव आणि वाघ्यावाल्यांना फोन लाव आता, निघाले असतील गावाला.

तारमास्तर : थांब जरा. त्याआधी माझं एक काम कर. ते दुसरं जे पाठवलंस ना, मेला नाही म्हणून, तसं मला पुन्हा पाठव.

धाकटा : कशाला, मास्तर? ते पण चुकीचंच होतं.

तारमास्तर : सगळी नोकरी त्या यंत्रावर गेली माझी. गेला, गेली, लवकर निघा, हेच पाठवत आलो. अमका मेला नाही, चांगला आहे, अशी तार करायला एकही माणूस खिडकीशी आला नाही. जिवंत असलेल्याची कोण तार करतो? माझ्या नावाने एक तरी तशी असू दे. फोनमध्ये ठेवीन.

धाकटा : पाठवतो. प्रोग्राममधून नको, हाताने लिहितो. काय लिहू?

तारमास्तर : आहे ते लिही. बंड्या आहे. बरा आहे. हाक ऐकून उठला, भुंकला. उद्या घरी येणार.

ताई : आणि शेवटी काळजी नसावी, असं लिही.

धाकटा : लिहितो. पण मग दोन मेसेज होतील हं, मास्तर.

तारमास्तर : होऊ देत. तू शब्द मोजू नकोस.